तोंडीलावणे

साहित्यशास्त्राच्या तासाला ग्रीक मंडळी गेली सतरा वर्षे माझ्या वर्गात येत आहेत. अनुकृती आणि विरेचन हे शब्द फळ्यावर लिहून झाले, इडिपसने डोळे फोडून घेतले, की तास संपतो. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, हे लोक जेवायचे काय?" वर्ग हसला. मीही हसले आणि 'भाकरी, ऑलिव्ह' असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ज्यांचे दुःख आपण इतक्या अधिकाराने समजावून सांगतो त्यांच्या ताटात काय असे, हे आपल्याला धड माहीत नसावे, याची घरी आल्यावर लाज वाटली.

शोध घेताना प्रथम हाती लागले ते दोन शब्द : सितोस आणि ऑप्सॉन. सितोस म्हणजे धान्य, भाकरी, पोट भरणारे अन्न. ऑप्सॉन म्हणजे त्याच्या जोडीला खायचे ते. मासा, चीज, कांदा, कडधान्य, काहीही. इंग्रजी भाषांतरकार इथे अडखळतो. मराठीला अडखळण्याचे कारण नाही. आपल्याकडे तोंडीलावणे आहे, कालवण आहे, कोरड्यास आहे. ऑप्सॉनचे लघुरूप ऑप्सारिऑन, आणि ते झिजत झिजत आजच्या ग्रीकमध्ये 'प्सारी' झाले, म्हणजे मासा. तोंडीलावणे म्हणजे मासाच, हे कोकणातल्या वाचकाला पटवून द्यावे लागणार नाही.

झेनोफोनने सॉक्रेटिसच्या आठवणी लिहिल्या, त्यांच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी एक छोटे प्रकरण आहे. मित्र एकत्र जेवायला जमत आणि प्रत्येक जण आपापले ऑप्सॉन घरून आणी. कुणाचे भरपूर, कुणाचे थोडे. सॉक्रेटिस वाढप्याला सांगे की ज्याने थोडे आणले आहे त्याचे आधी सर्वांसमोर मध्ये ठेव, नाहीतर सर्वांना वाटून टाक. मग भरपूर आणणाऱ्याला आपले स्वतःपुरते ठेवण्याची शरम वाटे आणि तोही ते मध्ये ठेवी. सॉक्रेटिसने समतेवर प्रवचन दिले नाही. त्याने फक्त वाढण्याचा क्रम बदलला. अथेन्सच्या या प्रसंगाला मराठीत नाव आहे : अंगतपंगत.

आमच्या स्टाफरूममध्ये दर शनिवारी अंगतपंगत होते. टेबलावर डबे उघडतात, कुणाची भरली वांगी, कुणाची डाळिंबी उसळ. इतिहास शिकवणाऱ्या एक सहकारी मात्र आपला डबा स्वतःपुढे, जवळजवळ कोपराच्या आडोशाला ठेवतात. आमच्यातले त्या घेतात, तोंडभर वाखाणतात. त्यांच्याकडे वळले की म्हणतात, "माझं साधंच आहे, मॅडम." दहा वर्षे आम्ही तो विनय समजत आलो. झेनोफोन वाचल्यावर मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकीनेही हात पुढे करून तो डबा मध्ये का ओढला नाही?

आमच्या घरी महिन्यातून एकदा सहा-सात प्राध्यापक वाचायला जमतात. हे प्रकरण तिथे वाचायचे ठरले आणि सोबत काही ग्रीक करावे असा उत्साह मला आला. ग्रीसमध्ये आज गप्पांबरोबर लहान लहान बशा मध्ये ठेवून सर्वांनी खायची जी रीत आहे तिला मेझे म्हणतात. शब्द तुर्कीतून आला, तुर्कीत फारसीतून. फारसीत 'मझा' म्हणजे चव. आपली 'मजा' त्याच घरची. पूर्वेकडे येताना शब्दाने चव मागे ठेवून आनंद तेवढा आणला, पश्चिमेकडे जाताना तो बशीत बसून गेला.

या बशांमधला पोटभरीचा पदार्थ म्हणजे 'फाव्हा', पावाच्या तुकड्याने उचलून खायचे घट्ट घोटलेले पिवळे वरण. नाव फसवे आहे, कारण त्यात फाबा बीन नसते. सांतोरिनी बेटावरच्या नावाजलेल्या फाव्हाची डाळ 'लॅथिरस क्लायमेनम' या वनस्पतीची. ज्वालामुखीच्या राखेखाली ३५०० हून अधिक वर्षे गाडल्या गेलेल्या तिथल्या आक्रोतिरी या वस्तीतही तिचे दाणे सापडले आहेत. लॅथिरस हे नाव वाचून मी थांबले. हे नाव माझ्या ओळखीचे होते. लॅथिरस सटायव्हस म्हणजे लाखोळी, आमच्याकडची लाखोरी.

माझे आजोळ भंडारा जिल्ह्यातले. धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीत, उभ्या पिकातच लाखोरीचे बी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, तरी ती येते. आजोळी चूल एकच होती, पातेली दोन. एकात तुरीचे वरण, ते आमचे. दुसरे काळे पडलेले जर्मनचे, त्यात लाखोरी शिजे. "ती गड्यांची डाळ," आजी सांगे. ही डाळ खाल्ली की पाय जातात, अशी भीती आम्हा मुलांना घातलेली होती. भीती निराधार नव्हती. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खावी लागली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर कायद्याने बंधने आली. पण ज्यांचे पाय दिवसभर आमच्या बांधीत, चिखलात उभे असत त्यांना ती कशी चालते, हे विचारणे मला कधी सुचले नाही. हॅमार्शिया शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगते की ती केवळ चूक नव्हे, ते न दिसणे आहे.

मामांकडून दीड वाटी डाळ मागवली. ती कढत पाण्यात भिजवून ते पाणी टाकले, पुन्हा भिजवून पुन्हा टाकले. दोष कमी करण्याची ही जुनी रीत. मग साडेचार वाट्या पाणी, एक चिरलेला कांदा आणि मंद आच. कुकर नको, कारण वर येणारा फेस काढत राहावे लागते. हळद घालायची नाही, हे हाताला समजावणे सर्वांत कठीण गेले. तासाभरात डाळ विरघळली. रवीने घोटून त्यात मीठ, एका लिंबाचा रस आणि पाव वाटी ऑलिव्ह तेल धारेने घातले. गरम असताना ती पातळ वाटते म्हणून आणखी आटवण्याचा मोह होतो, तो आवरावा. निवताना ती पिठल्यासारखी आळते आणि कोमट असतानाच खायची असते. वर कांदा आणि केपरच्या खारवलेल्या कळ्या घातल्या की सांतोरिनीत तिला 'लग्न झालेली फाव्हा' म्हणतात. केपर मला मिळाले नाहीत. आषाढी द्वादशीला आपण खातो ती वाघाटी केपरचीच बहीण. पण मोसम नव्हता. खारवलेल्या करवंदांवर लग्न लावले.

काशाच्या पसरट ताटात फाव्हा मधोमध ठेवली, भोवती पाव आणि ज्वारीच्या भाकरीचे चतकोर. क्षणभर कुणीच हात घातला नाही. "वाट्या आणू का, मॅडम?" एकांनी हळूच विचारले. प्रश्न स्वच्छतेचा होता आणि नव्हताही. एकाच ताटात सातांचे हात, दुसऱ्यांदा बुडवलेला तुकडा. 'उष्टे' हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो ताटाभोवती बसलेला होता. वाट्या नकोत, मी म्हटले, आणि आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.

इतिहासाच्या मॅडमनी भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि माझ्याकडे पाहिले.

"मॅडम, ही लाखोरी आहे."

"हो."

"तुमच्याकडे कुठून?"

"मामांच्या शेतातली."

"काढायला कोण जातं?"

मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली. उत्तर अपेक्षित असल्यासारखी. "माझी आई जायची," त्या म्हणाल्या. "तुमच्या तिकडेच, पण दुसऱ्या गावात. मजुरीत हीच मिळायची. अजून मी महिन्यातून एखाद्या वेळी करते. डब्यात आणते." पुढे काय बोलावे हे कुणालाच सुचेना. मीही काही बोलले नाही. जे सुचत होते ते सगळे स्वतःला बरे वाटावे म्हणून होते.

मग त्यांनीच दुसरा तुकडा घेतला. "लसूण नाही घातला तुम्ही."

"ग्रीक लोक यात घालत नाहीत बहुधा."

"त्यांचं राहू द्या," असे म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. तेल कुठे, मिरच्या कुठे असे विचारत त्यांनी कढल्यात लसणाची चरचरीत फोडणी केली आणि ताटाच्या अर्ध्या भागावर ओतली. करवंदांची बाजू आणि लसणाची बाजू, अशी दोन्हींकडून डाळ संपत आली. झेनोफोन वाचायचा राहिलाच.

पुढच्या शनिवारी त्यांचा डबा नेहमीसारखा कोपराच्या आडोशाला होता. मी हात पुढे केला. त्यांनी आधी झाकण किंचित उचलून आत पाहिले, मग डबा माझ्याकडे सरकवला.

"आज मेथी आहे," त्या म्हणाल्या.