स्तन काढला, तरी शेक कशाला?

"वहिनी, अख्खा स्तनच काढला, केमोही झाली. आता लाइट कशाला देतायत?" साताऱ्याहून नणंदेचा फोन होता. चंदीगडला सेक्टर 43 मधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात शेजारणीही हेच विचारायच्या.

उत्तर मला चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात मिळालं होतं. डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टातल्या एका ओळीखाली पेनानं रेघ मारली. काखेतून काढलेल्या लसिका गाठींपैकी पाच गाठींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या होत्या. स्तन गेला तरी छातीची कातडी, स्नायू आणि गळ्याजवळच्या हाडामागच्या लसिका गाठी जागच्या जागी असतात, आणि तिथं एखादी पेशी दडून राहू शकते. चार किंवा जास्त गाठी बाधित असल्या की शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावाच लागतो. एक ते तीन असतील तर बाकीच्या गोष्टी पाहून ठरवतात. काख स्वच्छ आणि मूळ गाठ लहान असेल, तर बहुतेकींना त्याची गरज नसते.

नणंदेला मी डेन्मार्कमधल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. त्या चाचणीचे निष्कर्ष 1997 साली आले. स्तन काढलेल्या, पाळी चालू असलेल्या, पुन्हा रोग होण्याचा धोका जास्त असलेल्या 1700 हून अधिक बायका त्यात होत्या आणि केमो शेक दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांना मिळाली होती. ज्यांना शेक दिला नाही, त्यांच्यातल्या 32 टक्के जणींना छातीत किंवा काखेत रोग परतला; शेक घेतलेल्यांत 9 टक्के. दहा वर्षांनी हयात असलेल्याही शेक घेतलेल्यांतच जास्त होत्या. नणंद गप्प झाली आणि मग म्हणाली, "घे बाई, सगळा घे."

शेक घेताना हात डोक्यावर नेऊन निजावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर माझा खांदा आखडलेला, म्हणून आधी कित्येक दिवस भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम केला. छातीवर शाईच्या खुणा. उकाड्यात घामानं त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून यजमानांचे जुने मलमलचे कुर्ते घालायचे. माझी बाजू डावी. खोल श्वास घेऊन रोखला की हृदय छातीच्या भिंतीपासून थोडं लांब सरतं, मगच मशीन चालू होई. दुखत काहीच नाही. पण शेवटी शेवटी काखेच्या घडीतली कातडी काळवंडून सोलली आणि घास गिळताना टोचायला लागलं.

पूर्वी पाच आठवडे चालणारा शेक ब्रिटनमधल्या 'स्टार्ट' नावाच्या चाचण्यांनंतर बऱ्याच ठिकाणी 15 वेळांत, 40 ग्रे इतक्या मात्रेत, तीन आठवड्यांत आटोपतो. डोंगरातून येणाऱ्या बायकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही हिमाचलातल्या मंडीहून आलेली एक जण मध्येच सोडून निघाली होती. "दीदी, मला काही होत नाहीये, आणि गहू कापायला आलाय." मी तिचा हात धरून बसवलं. खंड पडला तर घेतलेल्या शेकाचाही गुण कमी होतो, हे डॉक्टरांकडून तिच्यासमोर वदवून घेतलं. धर्मशाळेचा खर्च तिला झेपत नव्हता, म्हणून उरलेले दिवस ती आमच्याकडे राहिली. सकाळी आम्ही दोघी 43 च्या बसस्टँडवरून पीजीआयची बस धरायचो. गहू तिच्या दिरानं कापला.