सुवास्तूच्या काठच्या शाळा

पाकिस्तानच्या उत्तरेला, हिंदुकुश पर्वताच्या कुशीत स्वात नावाचे एक खोरे आहे. पेशावरकडच्या मैदानातून मलाकंदची खिंड चढून पलीकडे उतरले की हवाच बदलते. कालाम या गावी उशू आणि उत्रोर या दोन नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे वाहते ती स्वात नदी. तिच्या दोन्ही तीरांवर भातखाचरे आहेत. पीच, जर्दाळू आणि सफरचंदाच्या बागा आहेत. वरच्या अंगाला देवदारांची राने, मदयनजवळच्या थंडगार पाण्यात ट्राऊट मासे आणि हिवाळ्यात मलम जब्बाच्या उतारांवर बर्फावरून घसरण्याचे खेळ! १९६१ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ इथे येऊन गेली. ‘पूर्वेकडचे स्वित्झर्लंड’ असे या खोऱ्याचे वर्णन अनेकजण करतात.

भारतीय मनाला मात्र या नदीची ओळख फार जुनी आहे. ऋग्वेदातली ‘सुवास्तू’ ती हीच. सुवास्तू म्हणजे जिच्या काठी सुखाने वस्ती करावी अशी नदी. पाणिनीच्या व्याकरणातही तिचे नाव येते. पुढे हा प्रदेश उड्डियान या नावाने बौद्ध विद्येचे मोठे केंद्र झाला. सातव्या शतकात ह्युएन त्संग इथे आला, तेव्हा नदीकाठच्या शेकडो विहारांपैकी बहुतेक ओस पडले होते; पण त्यांच्या कीर्तीची त्याने नोंद करून ठेवली. मिंगोरा शहराला लागून असलेल्या बुतकाराच्या स्तूपाचे अवशेष आजही पाहायला मिळतात. देशोदेशीचे भिक्षू ज्या भूमीत शिकायला येत, त्याच भूमीत एके दिवशी मुलींनी शाळेत जाऊ नये असा हुकूम निघावा, हा इतिहासाचा विचित्र खेळच म्हणायचा.

संस्थानी राजवटीची देणगी

स्वात हे १९६९ पर्यंत संस्थान होते. तिथल्या राजाला ‘वली’ म्हणत. शेवटचे वली मियांगुल जहानजेब यांना रस्ते, दवाखाने आणि शाळा बांधण्याची हौस होती. सैदू शरीफ या राजधानीच्या गावी १९५२ साली त्यांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. मुलींसाठीही शाळा निघाल्या. आजूबाजूच्या पठाणी मुलखाच्या मानाने स्वात पुढारलेला मानला जाई. तिथल्या पालकांना मुलीने शिकण्यात काही वावगे वाटत नव्हते. म्हणूनच पुढे जे घडले त्याचा घाव खोल बसला.

रेडिओवरचा आवाज

संकट आले ते बंदूक घेऊन नव्हे, रेडिओवरून. मौलाना फजलुल्ला नावाच्या इसमाने एक बेकायदा एफएम केंद्र सुरू केले. आधी धर्माच्या गोष्टी, मग टीव्ही आणि संगीताविरुद्ध फतवे आणि शेवटी मुलींच्या शिक्षणाविरुद्ध प्रचार. ज्या मुली शाळा सोडत, त्यांची नावे घेऊन रेडिओवरून त्यांचे अभिनंदन होई. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता बायका हा आवाज ऐकत आणि शेजारच्या मुलीचे नाव ऐकले की आपल्या मुलीचे काय, हा प्रश्न घराघरात उभा राही.

२००७ पासून बंदुका उघड उघड बाहेर आल्या. जहानाबादच्या कड्यावर कोरलेल्या भव्य बुद्धमूर्तीचा चेहरा सुरुंगाने उडवला गेला. मिंगोऱ्याच्या ग्रीन चौकात प्रेते टाकली जाऊ लागली, तेव्हा लोक त्याला ‘खुनी चौक’ म्हणू लागले. शेकडो शाळा उद्ध्वस्त झाल्या. संगोटा येथील मुलींची कॉन्व्हेंट शाळाही २००८ मध्ये सुरुंगांनी जमीनदोस्त झाली. मग फर्मान निघाले, की १५ जानेवारी २००९ नंतर एकाही मुलीने शाळेत पाऊल टाकायचे नाही.

मिंगोऱ्यात झियाउद्दीन युसुफझाई नावाचे शिक्षक खुशाल ही शाळा चालवत. त्यांची अकरा वर्षांची मुलगी मलाला हिने त्याच महिन्यात ‘गुल मकई’ या टोपणनावाने बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी सांगायला सुरुवात केली. वर्गातल्या मुली कशा कमी होत चालल्या आहेत, रात्री तोफांचे आवाज कसे येतात, शाळेचा गणवेश घालायची भीती कशी वाटते, असे त्यातले साधे तपशील होते. पुढे तह झाला आणि फक्त लहान इयत्तांच्या मुलींना परवानगी मिळाली, तेव्हा मोठ्या मुली साध्या कपड्यांत, शालीखाली पुस्तके लपवून वर्गात येऊन बसत.

मे २००९ मध्ये लष्कराने मोहीम उघडली आणि स्वात व आसपासच्या जिल्ह्यांतून वीस लाखांवर माणसे घरदार सोडून निघाली. काही महिन्यांनी ती परतली, शाळाही उघडल्या. पण भय संपले नव्हते. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत चढून मारेकऱ्याने मलालावर गोळी झाडली. तिच्या दोन मैत्रिणीही जखमी झाल्या. मलाला बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात बरी झाली आणि २०१४ साली भारताच्या कैलाश सत्यार्थी यांच्यासोबत तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. सीमेच्या दोन बाजूंची ही दोन माणसे मुलांच्या हक्कासाठी एकाच व्यासपीठावर उभी राहिली. मात्र त्या समारंभाला आठवडा होतो न होतो तोच, १६ डिसेंबरला, पेशावरच्या लष्करी शाळेत शिरून अतिरेक्यांनी १३० हून अधिक विद्यार्थ्यांचे बळी घेतले.

गोळीपेक्षा लांबची वाट

आज स्वातमध्ये पर्यटक पुन्हा येतात. संगोट्याची शाळा पुन्हा बांधली गेली. जहानाबादच्या बुद्धाचा चेहरा इटालियन तज्ज्ञांनी २०१६ पर्यंत जुन्या छायाचित्रांच्या आधारे पुन्हा घडवला. तो तंतोतंत पूर्वीसारखा नाही, पण चेहऱ्यावरची शांती परत आली आहे.

तरीही प्रश्न संपलेला नाही. पाकिस्तानच्या राज्यघटनेत २०१० पासून ५ ते १६ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. प्रत्यक्षात सुमारे अडीच कोटी मुले शाळेबाहेर असल्याने तिथल्या सरकारला २०२४ मध्ये शिक्षण आणीबाणी जाहीर करावी लागली. डोंगराळ भागात प्राथमिक शाळा गावात असते, पण पुढची शाळा दोन डोंगर पलीकडे. वाट लांब, वाहन नाही, बाई शिकवायला नाहीत. मग मुलगी घरी बसते आणि लवकर लग्न होते. या घटनेची बातमी होत नाही. शाळा पाडणाऱ्याचे नाव जगाला कळते. न बांधलेल्या शाळेचा दोष कोणाच्याच माथी येत नाही.

मलालाचे मूळ गाव शेजारच्या शांगला जिल्ह्यात. तिथे मुलींसाठी माध्यमिक शाळा नव्हती, हे तिने नोबेलच्या भाषणातच सांगितले होते. २०१८ साली पुरस्काराच्या पैशातून तिथे मुलींची शाळा उभी राहिली.

खोऱ्यातली माणसेही आता गप्प बसत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वातच्या चारबाग भागात शाळेच्या गाडीवर गोळीबार होऊन चालक मरण पावला. हल्ल्यामागचे कारण काहीही असो, दुसऱ्या दिवशी मिंगोऱ्याचे रस्ते हजारो माणसांनी भरून गेले. त्यात विद्यार्थी होते, शिक्षक होते, दुकानदार होते. ‘आम्हाला शांतता हवी’ एवढीच त्यांची मागणी होती. दहा वर्षांपूर्वी ज्या शहरात लोक दबक्या आवाजात बोलत, तिथे आता मुलांच्या शाळेसाठी सारे गाव रस्त्यावर येते. सुवास्तूच्या काठी सुखाने वस्ती करायची तर ही जाग अशीच टिकायला हवी.