वाडीचं मत उघडं

१९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढं अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला. १९२८ ला सायमन कमिशनपुढं तो प्रत्येक प्रौढ माणसासाठी मागितला. त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. तेव्हा मत मिळायचं इस्टेट नि सारा बघून, आणि इथं जमीन खोताची. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. घटनेच्या कलम ३२६ नं माझ्या पणजीला खोताइतकंच मत दिलं. एक. कमी नाही, जास्त नाही.

मत गुप्त आहे म्हणतात. माझं असेल. वाडीचं नाही.

मोजणी यंत्रागणिक होते. फॉर्म २० वर केंद्रवार आकडे जाहीर होतात. एखाद्या चिन्हाला साठ मतं पडली आन् बौद्धवाडीत मतदार साठ, तर हिशेबाला मास्तर लागत नाही. निकालानंतर एक पुढारी नाक्यावर हसत म्हणाला, "तुमच्या वाडीनं काय केलं ते कळलं हां आमाला." शिवी नाही, हात उगारणं नाही. फक्त पाखाडी वरच्या वाडीपर्यंत येते आणि नळाचा पाइप आमच्या अलीकडच्या वळणावर थांबतो.

गिरणीत खाडा करून, रात्रीच्या एस्टीनं मी मत द्यायला जातो. खाड्याचा पगार गेला तर गेला. पण माझ्या मतापायी आईच्या डोक्यावरचा हंडा आणखी पाच वर्षं उतरणार नसेल, तर बटण दाबताना ऐकायचं कुणाचं? मनाचं की हंड्याचं?

कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा नियम ५९-अ खाली अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता यायच्या. यंत्रं आली, ती सोय गेली. चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगानं २००८ ला सुचवलं. २०१५ ला विधी आयोगानंही तेच सांगितलं. केंद्र सरकारनं मानलं नाही.

हे दुखणं एकट्या कोकणाचं नाही. बल्गेरियात १९९० ला खुल्या निवडणुका आल्या. तिथल्या रोमा वस्त्यांत मतं विकत घेतात, धाक घालतात, असं युरोपचे निरीक्षक अहवालांत लिहीत आलेत. गावकुसाबाहेरची वस्ती तिथंही मोजून काढता येते.

मत देताना पडदा लावता, मोजताना का काढता? आमची मतं साऱ्या गावाच्या मतांत मिसळा. पाणवठ्यावर मिसळू दिलं नाहीत, निदान मोजणीच्या टेबलावर तरी मिसळू द्या.