ओपन आणि क्लोज

शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो. आमच्या टीमची रोजची मीटिंग साडेनऊला असायची. 2023 आणि 2024च्या सुरुवातीचे काही महिने, मधली ही पंधरा मिनिटं मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये कडी लावून, मोबाइल हातात धरून घालवली आहेत. बाहेरून कुणी दार ठोठावलं तर फ्लश ओढायचो.

अ‍ॅप उघडलं की आधी एक सूचना यायची. सेबीच्या आदेशामुळे ती ब्रोकरला दाखवावीच लागते. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर 10 सामान्य माणसांपैकी 9 जणांना तोटा होतो, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. खाली 'समजलं' अशा अर्थाचं बटण. ते मी रोज दाबत होतो. मी इंजिनिअर आहे, 10 पैकी 9 म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही. फक्त तो दहावा माणूस मीच, याबद्दल मला रोज सकाळी नव्यानं खात्री वाटायची.

सुरुवात एका गुरुवारी झाली. तेव्हा निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारी असे. शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं बघून मी 40 रुपयांचा एक कॉल घेतला, 10 लॉट. तेव्हाच्या हिशेबानं 500 नग, म्हणजे 20 हजार रुपये. दुपारी तो 110ला विकला. 35 हजार रुपये नफा, जेवायच्या सुट्टीच्या आसपास. त्या दिवशी सगळ्या टीमला मी बिर्याणी खिलवली. आज वाटतं, त्या दिवशी 20 हजार बुडाले असते तर फार स्वस्तात सुटलो असतो.

लोकांना वाटतं ही पैशाची हाव असते. मलाही तसंच वाटायचं. पण हाव असती तर नफा झाल्यावर मी थांबलो असतो, निदान तेवढा दिवस तरी. मी थांबायचो नाही. सौदा बंद केला की नफा असो वा तोटा, एकदम पोकळ वाटायचं. मजा होती ती सौदा चालू असताना, हिरव्याचं लाल आणि लालचं हिरवं होताना. 2003 साली वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खूण दिसल्यापासून फळांचा रस मिळेपर्यंतच्या काळात माकडांच्या डोपामिन पेशी काय करतात, हे त्यांनी मोजलं होतं. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा त्या वाट पाहण्याच्या काळातली हालचाल सर्वांत जास्त भरली. हे वाचलं तेव्हा मला त्या माकडांबद्दल फार आपुलकी वाटली. वाचून झाल्यावर मी दोन लॉट घेतले.

ताबा मिळवण्याचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. गणपतीसमोर शपथ घेतली, ती अनंत चतुर्दशीपर्यंतही टिकली नाही. अ‍ॅप काढून टाकलं, ते परत टाकायला चाळीस सेकंद लागतात. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये 'किल स्विच' असतो. तो दाबला की आपले व्यवहार काही तासांसाठी बंद होतात. मी तो रात्री, पश्चात्तापाच्या भरात दाबायचो, आणि सकाळी तो पुन्हा उघडायची वेळ व्हायची वाट बघायचो. म्हणजे त्या वाट बघण्यातही थोडी मजा होतीच! शाळेत आम्ही मनाचे श्लोक पाठ केले होते. मनाशी बोलता येतं, त्याला समजावता येतं, हा त्यामागचा विश्वास. माझ्या मनाला सगळं समजलेलं होतं. न समजणारा असा फक्त माझा अंगठा उरला होता.

2024च्या सुरुवातीला बाबांनी मला चार लाख रुपये दिले. सहकारी बँकेत कॅशिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस, फ्लॅटच्या बुकिंगसाठी मुलाला पैसे देतो आहे. त्यातले अडीच लाख मी तीन एक्स्पायऱ्यांमध्ये घालवले. आधीचे माझे धरून एकूण तोटा 5 लाख 85 हजार. बिल्डरकडे पैसे भरायची तारीख आली, तेव्हा मी शनिवारी डोंबिवलीला घरी गेलो. आई देवळात गेलेली पाहून बाबांना सगळं सांगितलं.

ते ओरडतील अशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी आकडा विचारला. पुन्हा विचारला. मग बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत आले आणि म्हणाले, "तुझ्या आजोबांचं मटक्याचं वेड तुला माहीत नाही ना? आम्ही कधी सांगितलंच नाही."

आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवायचे. ते वारले तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. घरात पत्त्यांचा कॅट का नसतो, सोसायटीच्या गणपतीत बाबा हाउजीलासुद्धा का बसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मटका मूळचा बाजारातलाच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे, त्यांवर पैजा लागायच्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबलं. मग कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांचे आकडे निघू लागले. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द राहिले. एकेरी आकडा लागला तर एकाला नऊ मिळत. आजोबा बसच्या नंबरावरून, स्वप्नात दिसलेल्या माणसांच्या संख्येवरून आकडा काढायचे. मी कँडलस्टिकच्या आकृत्यांवरून काढत होतो.

"मग सुटलं कसं?" मी विचारलं.

"सुटलं कुठे? आई पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर उभी राहायची. पाकीट तिच्या हातात पडायचं. दोनदा मागच्या गेटानं गेले होते. बाकीच्या वेळी नाही गेले." आणि थोडं थांबून, "आईला तू सांग. मी सांगणार नाही."

वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग आता बहुतेकांना माहीत असतो. समोरचा खाऊ लगेच न खाता थांबलं तर दुप्पट मिळेल, असं लहान मुलांना सांगितलेलं असायचं. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, हा त्यातला गाजलेला दावा नंतरच्या अभ्यासांत बराच सौम्य झाला. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. खाऊ झाकून ठेवला तर मुलं कितीतरी जास्त वेळ थांबायची. उघडा असेल तर टिकणारी मुलं डोळे झाकून घ्यायची, पाठ फिरवायची, गाणी म्हणायची. खाऊकडे टक लावून बघत निश्चयानं बसणं, हा हरण्याचाच मार्ग होता. मी वर्षभर तेच करत होतो, आणि हरलो की स्वतःला दुबळा म्हणत होतो.

त्या रात्री मी फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करायचा अर्ज केला. पण तो पुन्हा चालू करता येतो, हे मला माहीत होतं. म्हणून आणखी एक गोष्ट केली. ज्या दिवशी व्यवहार होतो, त्या दिवशी ब्रोकरकडून ई-मेलनं काँट्रॅक्ट नोट येते. मी जीमेलमध्ये फिल्टर लावला: अशी कुठलीही मेल आली की ती आपोआप बाबांना जाईल. त्यासाठी गूगल समोरच्या पत्त्यावर एक कोड पाठवतं. बाबा आतल्या खोलीतून चष्मा शोधून आले आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. नोटा मोजणाऱ्या माणसाच्या आवाजात. मी टाइप करत गेलो.

या व्यवस्थेत भोकं आहेत. नवा ई-मेल पत्ता, नवा ब्रोकर, सगळं तासाभरात होईल. मागचं गेट कायम उघडंच असतं. फक्त तिथपर्यंत लांबून चालत जावं लागतं, आणि चालताना आपण कुठे चाललो आहोत ते दिसतं.

बाबांचे पैसे महिन्याला 15 हजार असे फेडतो आहे. फ्लॅट नाही. आता एक्स्पायरी मंगळवारी असते, आणि मंगळवारी सव्वानऊला छातीत अजून हलतं. अलीकडेच एका मंगळवारी मी फिल्टरच्या पानापर्यंत गेलो होतो. तिथे बाबांचा ई-मेल पत्ता दिसला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मीच त्यांना तो उघडून दिला होता, पासवर्डही मीच सुचवला होता. पान बंद करून मीटिंगला गेलो.

हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. लेख ते वाचतील, तेव्हा कळेल.