पळीभर तेल

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात गुरांच्या आणि भाजीवाल्यांच्या गर्दीपलीकडे जुनापुराणा माल घेऊन बसणारेही असतात. तिथं ताडपत्रीवर गंजकी कुलपं आणि काटे गेलेली घड्याळं यांच्यामध्ये एक गुंडाळी पडली होती. उलगडली तर भिंतीवर टांगायचा शाळेचा तक्ता निघाला. मागं कापड, वर-खाली लाकडी दांडे, वार्निश तपकिरी होऊन तडकलेलं. मधोमध नाक-डोळ्यांचा, किंचित आढ्यतेखोर सूर्य, भोवती लांबट कक्षा आणि तिच्यावर चार पृथ्व्या, अर्ध्या उजळ, अर्ध्या काळ्या. "सूरज अख्खा है साब," विकणारे चाचा म्हणाले, "चाँद कू दीमक खा गई."

अक्षरं उर्दू होती. आमच्या भागात त्याचं नवल वाटू नये. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातली पोरं वरच्या वर्गांत उर्दूतूनच शिकली. मौलवी अब्दुल हकांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार कित्येक वर्षं याच गावातून, औरंगाबादेतून, चालवला. मला अडवलं ते ऋतूंनी. चार पृथ्व्यांखाली चार नावं: बहार, गर्मा, खिजां, सर्मा. पावसाळ्याला जागाच नव्हती! मास्तरांनी छडी कुठं टेकवली असेल? बाहेर जूनचं आभाळ फाटलेलं आणि भिंतीवर मात्र विलायतेच्या बागेतली पानगळ.

तशी या तक्त्यांची लबाडी याहून जुनी आहे. कक्षा तिरकी बघितल्यासारखी काढायची, म्हणजे ती लांबुळकी दिसते. पोर बघतं आणि मनाशी ठरवून टाकतं की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा. प्रत्यक्षात ती जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि आपण शाली पांघरून बसलेलो असतो. जुलैत ती १५ कोटी २१ लाखांवर जाते. ऊन-थंडी ठरते ती आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यानं. पृथ्वीची खरी कक्षा एक मीटर रुंद कागदावर काढली, तर तिच्या लांबी-रुंदीतला फरक मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढा भरेल. पेन्सिलीच्या रेघेतच तो बुडून जाईल. आकारांचंही तेच. सूर्य मीटरभराचा धरला तर पृथ्वी हरभऱ्याच्या दाण्याएवढी आणि तीही १०७ मीटर दूर; चंद्र बाजरीचा दाणा, हरभऱ्यापासून फूटभरही नाही. नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर, म्हणजे छावणी सोडून पार शहरात शिरायचं. असा खरा तक्ता कुठल्या भिंतीवर टांगणार? मला हे खोटे तक्तेच आवडतात. खऱ्या तक्त्यात बघण्यासारखं काही उरतच नाही.

त्यातही माझा जीव जडला आहे तो लंडनमध्ये १८२४ साली निघालेल्या 'युरेनियाज मिरर' या बत्तीस पत्त्यांच्या संचावर. पत्त्यांवर तारकासमूहांची रंगीत चित्रं आणि प्रत्येक ताऱ्याच्या जागी भोक, ठळक ताऱ्याला मोठं, फिक्याला बारीक. पत्ता दिव्यासमोर धरला की अस्वल, शिकारी उजळायचे. कर्त्याच्या जागी नुसतं 'एक स्त्री' म्हटलेलं. पुढं कळलं की ते रग्बी शाळेतले मास्तर रेव्हरंड ब्लॉक्सम. एका पत्त्यावर मांजरही आहे. फ्रेंच ज्योतिर्विद लालांद यांना मांजरं प्रिय, त्यांनी एक आकाशात नेऊन बसवलं. १९२२ मध्ये तारकासमूह अठ्ठ्याऐंशी ठरले, त्यात मांजराला काढलं. कुत्र्यांचे तीन-तीन समूह ठेवले, याला काय म्हणावं?

आमच्या भागातली याहून जुनी खगोलाची शाळा शोधायची, तर छावणीतून दौलताबादची वाट धरायची, पुढं वेरूळ, कन्नड, घाट उतरला की चाळीसगावचा मुलूख. तिथं पाटणला, पाटणादेवीच्या रानात, भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५ मध्ये उजेडात आणला. देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ, त्यातही 'सिद्धान्तशिरोमणी', शिकवण्यासाठी त्यानं पाटणला मठ काढला. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, आणि त्या रात्री चंद्रग्रहण. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं सगळ्यांदेखत हातावर पाणी सोडून दान दिलं. खगोलाच्या शाळेला देणगी द्यायला याहून नेमका मुहूर्त शोधून सापडायचा नाही.

तो लेख सुरू होतो संस्कृतात, पण पैशाअडक्याची गोष्ट आली की मराठीत उतरतो. बाजारात माल उघडला की गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला द्यायचा. जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांनी दर घाण्यामागं पळी पळी तेल द्यायचं. या पळीपाशी मी दर वेळी थांबतो. मठात तक्ते नव्हते. वेळूच्या काड्या वाकवून, बांधून गोल करायचा. तो कसा बांधावा हे भास्कराचार्यांनीच 'सिद्धान्तशिरोमणी'तल्या गोलाध्यायात सांगितलं आहे. मधे पृथ्वी, तिच्याभोवती काड्यांची वर्तुळं. रात्री पोरं तो गोल हातानं फिरवत असतील, समईत घाण्याचं तेल असेल, काड्यांच्या सावल्या भिंतीवर सरकत असतील. तिथं पोरांनी ऐकलं असेल की पृथ्वी गोल असून सपाट दिसते, कारण मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. ऐकलं असेल की तिला आधार लागत असेल, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, आणि मग हे थांबणार कुठं? सकाळी बाहेर आल्यावर पाटणच्या बाजारात सौदे चालू, आणि प्रत्येक सौद्यातला वाटा आपल्या शिकण्यासाठी कापला जातोय. असा शिक्षणकर मला आजही चालेल.

पण त्या घाण्यांच्या मालकांची पोरं मठात बसली असतील का? लेखात त्याची नोंद नाही, आणि उत्तर शोधायला लेख लागतही नाही. छावणीला लागून नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी तिथं मिलिंद महाविद्यालय काढलं १९५० मध्ये. पाटणच्या मठानंतर जवळजवळ साडेसातशे वर्षांनी.

ब्लॉक्सम यांच्यासारखे मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षितही मास्तरच. भारतीय ज्योतिषाचा जाडजूड इतिहास त्यांनी १८९६ मध्ये काढला. त्यासाठी विद्वान त्यांचं नाव घेतात, घेवोत बापडे. मला त्याआधीचं, १८९२ चं 'ज्योतिर्विलास' जास्त जवळचं. त्याला त्यांनी पर्यायी नाव दिलंय 'रात्रीची दोन घटका मौज'. शाळेच्या मास्तरानं आकाशाला मौज म्हणावं, हे मला फार भावतं. ते पुस्तक कुणीतरी पुन्हा देखणं छापावं, आणि प्रकाशकाला परवडत असेल तर ताऱ्यांच्या जागी भोकं पाडून. पावसाळ्याचं पानही त्यात असावं, कोरं असलं तरी चालेल. मांजर घ्यायला माझी काही हरकत नाही.