स्लिम

भाचीच्या लग्नाचा बायोडाटा लिहायचं काम बाजीनं माझ्याकडे दिलं. "तुझं इंग्रजी बरं आहे," म्हणाली. नाव, शिक्षण, उंची पटापट झालं. ‘बांधा’ या रकान्यात मी ‘स्लिम’ लिहून टाकलं. सगळ्यांच्याच बायोडाट्यात तेच असतं. मुलगी अंगानं भरलेली आहे, हे मला काय दिसत नव्हतं?

भाचीनं कागद वाचला. "खाला, ही कोण?"

मी हसण्यावारी नेलं. पण ती शाळेत इंग्रजी शिकवते, शब्दकोश घेऊनच बसली. स्लिम हा कौतुकाचा शब्द. त्याच अंगकाठीला नावं ठेवायची झाली की स्किनी. आपल्याकडेही सडपातळ आणि लुकडी यांत फरक वजनाचा कमी, बोलणाऱ्याच्या नजरेचाच जास्त. गंमत पुढे होती. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात डच भाषेतून आला आणि तिथं त्याचा जुना अर्थ वाकडा, वाईट असा होता. जर्मन भाषेत ‘श्लिम’ म्हणजे आजही वाईटच. डच लोक मात्र आता हुशार माणसाला स्लिम म्हणतात.

"मग त्या अर्थानं राहू दे," मी म्हटलं.

ती हसली नाही. "गेल्या रमजानमध्ये सहरीला तुम्ही माझ्या ताटातली चपाती उचललीत. रिश्ते येणार आहेत म्हणालात."

मला आठवत होतं. आणखीही एक आठवलं. अम्मीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हीच पोरगी तिला रोज पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायची. माझ्या स्लिम मुलींना ते जमलं नाही. तेव्हा तिच्या दंडांचं आम्ही सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं होतं.

स्लिम खोडलं. बाजीनं ‘हेल्दी’ सुचवलं. पण इंग्रजीत त्याचा अर्थ निरोगी असला, तरी आपल्या रिश्त्यांच्या बोलण्यात हेल्दी म्हणजे जाडच. शेवटी भाचीनं स्वतःच ‘तंदुरुस्त’ लिहिलं. फारसीत तन म्हणजे शरीर, दुरुस्त म्हणजे ठीकठाक.

काल एका घरून फोन आला. शिक्षण पसंत, नोकरी पसंत. मुलाच्या अम्मीनं एवढंच विचारलं, "तंदुरुस्त म्हणजे साधारण किती किलो?"

मी उत्तर जुळवत होते. भाचीनं माझ्या हातातून फोन घेतला.