फोटो काढायला थांबणारा मित्र



मागच्या डिसेंबरमध्ये इंग्लंडला गेलो होतो. माझा एमबीबीएसचा वर्गमित्र मँचेस्टरजवळ जीपी आहे, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर. त्याच्याकडे आम्ही चार जुने मित्र जमलो आणि रविवारी डर्बीशरमधल्या कॅसलटन गावी फिरायला गेलो. दगडी घरं, वर पेव्हरिल किल्ल्याचे अवशेष आणि जवळच माम टॉर हा ५१७ मीटर उंचीचा डोंगर. त्याची एक बाजू सतत घसरत असते, म्हणून त्याला 'थरथरणारा डोंगर' म्हणतात. खालचा मोटाररस्ता वारंवार दुरुस्त करून शेवटी १९७९ मध्ये कायमचा बंद केला. आपल्याकडच्या घाटातल्या माणसाला हे नवीन नाही!

तापमान दोन अंश. गावातल्या कॅफेत अंडी, सॉसेज, तळलेला पाव असा भरपेट नाश्ता झाला आणि आम्ही शेतांमधल्या पायवाटेने चढायला लागलो. चिखल गोठून टणक झालेला, दोन्ही बाजूंना नुसते दगड रचून केलेल्या भिंती, पलीकडे मेंढ्या. आम्ही दोघे डॉक्टर पुढे, कॉलेजच्या गप्पांत. आमचा इंजिनिअर मित्र मागे पडत होता. वय ५४, थोडी शुगर, सिगारेट नाही. प्रत्येक फाटकापाशी थांबायचा आणि म्हणायचा, "व्हा पुढे, एक फोटो काढतो."

तिसऱ्या वेळी मी मागे वळून पाहिलं. फोन खिशात होता. एक हात भिंतीवर, दुसरा छातीवर.

"दुखतंय का रे?"

"छे, दुखत नाही. थंडीने छाती जड होते. थांबलं की जातं."

वाचकहो, 'थांबलं की जातं' हे ऐकून रुग्णाला हायसं वाटतं, डॉक्टरला नाही. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७६८ साली लंडनमध्ये याच त्रासाचं वर्णन मांडलं होतं: चालताना येतो, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, आणि उभं राहिलं की जातो. त्यालाच आपण अंजायना म्हणतो. थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात चढण, त्यात भरलेलं पोट. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर ही वाढलेली मागणी त्यांना पुरवता येत नाही. थांबलं की मागणी उतरते, जडपणा जातो. धमनी मात्र अरुंद ती अरुंदच राहते.

त्याला वाऱ्याकडे पाठ करून भिंतीच्या आडोशाला बसवलं. तीन-चार मिनिटांत बरं वाटलं. मग कळलं, तीन आठवड्यांपासून ऑफिसच्या पार्किंगमधून चालतानाही हे होत होतं. माथा समोर दिसत होता. तो म्हणाला, "एवढं आलोय, हळूहळू जाऊ की." क्षणभर मलाही वाटलं, कशाला सगळ्यांच्या दिवसाचा विचका करायचा? पण आम्ही परत फिरलो. बसूनही जडपणा गेला नसता, तर तिथूनच ९९९ ला फोन केला असता.

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या जीपीकडे गेला. पुढे छातीदुखीच्या क्लिनिकमध्ये तपासणी, सीटी अँजिओग्राफी, मग स्टेंट. एका मुख्य धमनीत मोठा अडथळा होता. दोन डॉक्टर बरोबर असून आम्हाला तिसऱ्या फाटकापर्यंत कळलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून मी रुग्णांना नुसतं "छातीत दुखतं का?" असं विचारत नाही. जड वाटतं का, आवळतं का, जबड्यात किंवा हातात काही जाणवतं का, चालताना दम लागतो का, असं विचारतो. मधुमेहात तर कधी कधी फक्त दमच लागतो.

तुमच्यापैकी बरेच जण थंडीत पहाटे सिंहगड चढतात. चढताना असं काही जाणवलं तर तिथेच थांबा, बसा आणि सोबत्याला खरं सांगा. काही मिनिटांत गेलं नाही, किंवा घाम, मळमळ सुरू झाली तर १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत निघू नका. आणि गेलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. किती चाललं की येतं, किती वेळात जातं आणि हल्ली पूर्वीपेक्षा लवकर येतं का, एवढं त्यांना सांगा.